कदमांची बेस गिटार आणि एक न थांबवलेला फोन

"वो गिटार चोरी का है, मैडम."

हे वाक्य माझ्या हेडफोनमध्ये आलं तेव्हा बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. माझं बोट फेडरवर होतं. फेडर म्हणजे स्टुडिओतल्या टेबलावरची सरकती पट्टी. वर ढकलली की फोनवरच्या माणसाचा आवाज प्रसारित होतो, खाली ओढली की बंद होतो. ओढायला अर्धा सेकंदही लागत नाही.

मी ती ओढली नाही. उलट विचारलं, "अच्छा? आपको कैसे मालूम?"

मी अलका पागे. सरकारी रेडिओत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा बोलण्याच्या कार्यक्रमांवर. आमचं केंद्र लहान. धार, पीथमपूर आणि थेट देवासपर्यंतचे लोक आम्हाला ऐकायचे, काही ट्रान्समीटरवर, काही मोबाइलच्या ॲपवर. घरात आम्ही मराठी बोलतो, पण माझा कार्यक्रम हिंदीत होता. नाव ‘बारह बजे की बात’. रोज दुपारी बारा ते एक. एक विषय घ्यायचा, कधी पाहुणा बोलवायचा, आणि श्रोत्यांचे फोन घ्यायचे.

त्या वर्षी हा कार्यक्रम धोक्यात होता. वरून पत्र आलं होतं की बोलण्याचे कार्यक्रम लोकांना खरोखर हवे आहेत का ते कळवा. म्हणून आम्ही श्रोत्यांची मतं एका रजिस्टरमध्ये लिहीत होतो. ती वाचून कोणाचाही उत्साह वाढला नसता. "डॉक्टर साहब अच्छा बोले, मगर बहुत बोले." "बीच में दो गाने डाल दिया करो." देवासच्या एका बाईंनी मराठीत निरोप ठेवला होता, की तुमचा कार्यक्रम लावून मी भाजी निवडते, पण पालकाची जुडी संपेपर्यंत मला डुलकी लागते. धारच्या एका निवृत्त मास्तरांनी पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, की आप सवाल पूछती हैं और जवाब भी आप ही दे देती हैं. ते कार्ड मी दोनदा वाचलं, कारण ते खरं होतं.

हे सगळं डोक्यात असताना तो दिवस उजाडला. विषय साधा होता: घरात ठेवलेली एखादी वस्तू, जी आता तुम्ही वापरत नाही, पण टाकूनही देत नाही. कोणी आजोबांच्या छत्रीबद्दल बोललं, कोणी शिलाई मशीनबद्दल. मग देवासहून मधुकर कदमांचा फोन आला. वय एकाहत्तर, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. तरुणपणी संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे.

मी विचारलं, बेस गिटार म्हणजे काय ते श्रोत्यांना सांगाल का. ते म्हणाले, "चार मोटे तार होते हैं, मैडम. इस पे धुन नहीं बजती. गाने के नीचे जो धम्म-धम्म चलता है ना, वो. बज रहा हो तो किसी का ध्यान नहीं जाता. बंद हो जाए तो सब पीछे मुड़ के देखते हैं."

त्यांची गिटार जपानी बनावटीची होती. पन्नास एक वर्षं जुनी, चॉकलेटी रंगाची, चार खुंट्यांपैकी एक पितळेची. त्यांना मिळाली तेव्हाच ती वापरलेली होती. आता त्यांची दोन बोटं वाकली होती, चार वर्षांत वाजवली नव्हती. कोणी मनापासून वाजवणारा असेल तर देऊन टाकीन, म्हणाले. विकायची नाही, द्यायची.

फार छान फोन होता. मी त्यांचे आभार मानले आणि पुढच्या फोनकडे वळले.

इथे आमची पद्धत सांगायला हवी. फोन आधी बाहेरच्या खोलीत इक्बालभाई घ्यायचे. ते नाव, गाव आणि बोलायचा मुद्दा चिठ्ठीवर लिहून काचेला लावायचे. ती वाचून मी फोन घ्यायचे. शिवाय काही केंद्रांवर एक यंत्र असतं, त्यामुळे बोललेलं काही सेकंद उशिरा प्रसारित होतं आणि भलतंसलतं आलं तर कापता येतं. आमचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. म्हणजे सगळी भिस्त चिठ्ठीवर.

त्या दिवशी चारही लाइन लागलेल्या होत्या. असं महिन्यात एखाद्या वेळी व्हायचं. इक्बालभाईंनी काचेपलीकडून तळहात दाखवला: थांबा, अजून विचारतोय. मी हातानेच म्हटलं, द्या. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, द्या. त्यांनी दिला.

तो फोन धारहून होता. कैलाश राठौर. "अभी जो देवास वाले बोले, उनका गिटार मेरा है. पीतल की खूँटी मैंने लगवाई थी. सिरे पे सिगरेट का दाग होगा, वो भी मेरा है. वो गिटार चोरी का है, मैडम."

मग मी तो प्रश्न विचारला. आणि त्यानंतर आणखी चार विचारले. कधी चोरी झाली, कुठून झाली, तुम्हाला कोणावर संशय आहे का. प्रत्येक उत्तरात कदमांचं नाव येत होतं. मला कळत होतं की हे बंद करायला हवं. आणि मला हेही कळत होतं की गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच लोक भाजी निवडायची थांबवून ऐकत असतील. नंतर मी रेकॉर्डिंग तपासलं. आमच्याकडे प्रसारित झालेलं प्रत्येक मिनिट साठवलेलं असतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद तो माणूस बोलला, आणि तितका वेळ एका घरी बसलेल्या म्हाताऱ्याला आम्ही चोर म्हणत होतो.

एक वाजता मी बाहेर आले. अर्धवट लिहिलेली चिठ्ठी इक्बालभाईंनी टेबलावर ठेवली. तिच्यावर नाव होतं, गाव होतं, मुद्द्याची जागा कोरी.

फोन मात्र वाजत होते. रजिस्टरची तीन पानं त्या दुपारी भरली. "आज पहली बार सरकारी रेडिओ में मज़ा आया." "कदम को लाइन पे लो, जवाब देने दो." "पुलिस में गया क्या मामला?" मधूनच एखादं वेगळं. एक बाई म्हणाल्या, "उनकी भी कोई बहू-बेटी सुन रही होगी, आपने सोचा?"

संध्याकाळी केंद्राचे प्रमुख त्रिवेदी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि आपल्या हातून कार्यक्रम बंद पडू नये एवढंच त्यांना वाटत होतं. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं होतं.

"पागे मैडम, इतने फोन कभी आए हैं?"

"नहीं सर."

"तो कल दोनों को आमने-सामने करो. एक देवास से, एक धार से. श्रोता फैसला करेंगे."

"सर, आज जे झालं ती माझी चूक आहे. उद्या तीच पुन्हा, ठरवून करू?"

माझ्या तोंडून मराठी निघून गेली. साहेबांना कळत होती, त्यांचं अर्धं आयुष्य माळव्यात गेलं होतं. ते म्हणाले, "आप भावुक हो रही हैं. यह चर्चा का कार्यक्रम है. चर्चा हो रही है."

मी म्हटलं, मला दोन दिवस द्या, आधी खरं काय ते बघते. त्यांनी दिले. उत्साहाने नाही, पण दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला. "मॅडम, मी ज्योती. कदमांची सून, देवासहून. बाबा कालपासून जेवले नाहीत. मतलब, बसूनच राहिलेत. सकाळी गुमटीवर चहाला गेले होते तर कोणी तरी म्हणालं, क्यों भिया, और क्या-क्या माल है घर में. ते चहा तसाच सोडून आले. आता म्हणतात, गिटार ठाण्यात जमा करून येतो. तुम्ही काही तरी करा ना, ताई."

मी त्या दिवशी रजा टाकली आणि इंदूरहून बस बदलून देवासला गेले. टेकडीच्या पायथ्याशी, उताराच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. मधुकरराव खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. ठाण्यात जायचं म्हणून घातला असावा. काळी पेटी पायाशी होती.

मी नमस्कार करून म्हटलं, "मी अलका पागे. काल चूक माझी झाली. तो फोन मी थांबवायला हवा होता. माफी मागायला आले आहे."

त्यांनी पेटी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बसा, बाई. ज्योती, पाणी दे त्यांना." आणि पेटी उघडली.

मी याआधी बेस गिटार इतक्या जवळून पाहिली नव्हती. साध्या गिटारपेक्षा लांब आणि चांगलीच जड. पितळेची खुंटी होती. वरच्या टोकाला, तारा संपतात तिथे, हरभऱ्याएवढा काळा डाग होता. वाजवणारे लोक जळती सिगरेट तारेत खोचून ठेवतात, तसा पडलेला.

"डाग आहे," मी म्हटलं.

"आहे. मी सिगरेट ओढत नाही." त्यांनी गिटार उलटी केली. मागे एक चौकोनी लोखंडी पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली होती. "मास्टरांनी मला ही दिली त्याच्या पुढच्या वर्षी हिची मान, म्हणजे ही दांडी, जरा हलायला लागली. मी फिटर माणूस, स्वतःच पट्टी खोलली. आत लाकडावर खिळ्याने कोरलं होतं, के. आर., धार."

मास्टर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. ते वारून पंधरा वर्षं झाली होती.

"मी मास्टरांना विचारलं, हा के. आर. कोण. ते म्हणाले, कैलाश म्हणून होता, पीथमपूरला नोकरीला लागला, त्याने वाजवणं सोडलं. तू वाजव. मी म्हटलं, बरं." त्यांनी गिटार पुन्हा सुलटी केली. "धार काय लांब आहे का, बाई? एक दिवस जाऊन विचारता आलं असतं. पण विचारलं असतं आणि तो म्हणाला असता, माझी आहे, तर ती गेली असती. ऑर्केस्ट्रात मला बाकी काही येत नव्हतं. म्हणून नाही विचारलं. चोरी मी नाही केली. पण मला अगदीच काही माहीत नव्हतं, असंही नाही."

ज्योती दारात उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. चाळीसेक वर्षांत बहुधा कोणीच ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, "हे मी राठौरांना सांगू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार."

"सांगा. आणि ठाण्यात जायचं की नाही, ते तो म्हणेल तसं करू."

दुसऱ्या दिवशी मी धारमध्ये कैलाशजी राठौरांकडे गेले. तेही निवृत्त, पीथमपूरच्या एका कारखान्यातून. घराच्या पुढच्या खोलीत हार्मोनियम आणि दोन ढोलक्या ठेवलेल्या होत्या. गल्लीतली भजन मंडळी तिथेच सरावाला जमायची. मला पाहून ते खुश झाले. त्यांना वाटलं, रेडिओवाले बाजू घ्यायला आले.

त्यांची बाजू मी आधी पूर्ण ऐकली. प्रश्न कमी विचारले. गिटार त्यांनी एका बँडवाल्याकडून जुनीच घेतली होती. नोकरी लागली तेव्हा शिफ्टमुळे ऑर्केस्ट्रा जमेना. भाड्याच्या खोलीत चार जण राहायचे, तिथे गिटार ठेवायला जागा नव्हती, म्हणून मास्टरांकडे सांभाळायला ठेवली. सहा महिन्यांनी आणायला गेले तर मास्टर म्हणाले, कार्यक्रमाहून येताना बसच्या टपावरून कोणी तरी उतरवून नेली.

"मैं तीन दिन उस रास्ते के ढाबे-ढाबे पूछता फिरा," ते म्हणाले. "शिफ्ट छूटी, सुपरवाइज़र ने डाँटा. फिर मैंने बजाना ही छोड़ दिया. दूसरा लेने की हैसियत नहीं थी. और सच कहूँ, मन भी नहीं था."

त्यांनी आतून एक फोटो आणला. देवासच्या कुठल्या तरी मांडवात एक सडसडीत मुलगा, अंगात मोठ्या कॉलरचा शर्ट, गळ्यात तीच गिटार. खुंटी चमकत होती.

म्हणजे दोघेही खरं बोलत होते. खोटं बोलले होते मास्टर, दोघांशी वेगवेगळं. का, ते आता कळायला मार्ग नव्हता. त्यांची अडचण असेल, किंवा ऑर्केस्ट्राला बेस वाजवणारा हवा असेल.

मी कदमांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पट्टीखालच्या अक्षरांचंही. राठौरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मतलब उसको मालूम था."

"शक था. पूछा नहीं."

"और ये बात आपने उससे निकलवाई?"

"नहीं. मैंने तो पूछा भी नहीं था. उन्होंने खुद बताया."

त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला, तो निवला. मग राठौर म्हणाले, "चोर ऐसे नहीं बताता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मैंने पूरे ज़िले के सामने बोल दिया."

"बोलू मी दिलं," मी म्हटलं. या वेळी मुद्दाम मराठीत. त्यांना ते समजलं.

त्यांना देवासला न्यायचा माझा विचार होता. पण कदमांनी ऐकलं नाही. वस्तू माझ्याकडे आहे, तर मीच गेलं पाहिजे, म्हणाले. शनिवारी सकाळी ते एकटेच पेटी घेऊन निघाले. ज्योतीने मला फोन करून सांगितलं. मी धारच्या बस स्टँडवर गेले, तर कंडक्टर त्यांना हात देऊन उतरवत होता. पेटी त्यांनी टपावर दिली नव्हती की डिकीत ठेवली नव्हती. देवास ते इंदूर आणि इंदूर ते धार, दोन्ही बसमध्ये मांडीवर आडवी धरून बसले होते. ऑटोत बसताना पाय सरळ होईनात.

राठौर दारात उभे होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. तरुणपणी एकाच मांडवात, एकाच जागेवर उभे राहिलेले हे दोघे एकमेकांना कधी भेटले नव्हते.

पेटी उघडली. राठौरांनी गिटार उचलून घेतली, पण लगेच वाजवली नाही. आधी मानेवरून अंगठा फिरवला. मग तार दाबून पाहिली.

"तार नए हैं."

"पिछले साल डाले," कदम म्हणाले.

"आप तो बजाते नहीं हो अब."

"तार ढीले छोड़ दो तो गर्दन टेढ़ी हो जाती है."

राठौरांनी मान डोलावली. बेस गिटारला अ‍ॅम्प्लिफायर लागतो, नाही तर तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाही. त्यांच्याकडे तो नव्हता. म्हणून त्यांनी लाकडावर कान टेकला आणि एक तार छेडली. मग दुसरी. पहिल्यांदा बोटं चाचपडली, नंतर काही तरी सापडलं. आम्हाला नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं. कदम उठले, त्यांच्याजवळ गेले आणि वाकून दुसऱ्या बाजूने कान टेकला. असे ते दोघे किती वेळ होते, मी घड्याळ पाहिलं नाही.

राठौर शेवटी म्हणाले, "आपने अच्छे से रखा है. मेरे पास होता तो उस खोली में कब का सड़ जाता."

"चीज़ आपकी है."

"रेडिओ पे मैंने गलत बोला."

"चोरी बोला वो गलत था. आपका है बोला, वो सही था."

गिटार धारलाच राहिली. फार चर्चा झाली नाही. कदमांना ती वाजवणाऱ्यालाच द्यायची होती, आणि राठौरांची बोटं अजून सरळ होती.

माझं खरं काम पुढेच होतं. जे चुकलं ते प्रसारणात चुकलं होतं, म्हणून दुरुस्तही तिथेच व्हायला हवं होतं. सोमवारी मी त्रिवेदी साहेबांसमोर खुलाशाचा मसुदा ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"सरकारी रेडिओ माफ़ी माँगेगा?"

"केंद्र नको. मी मागते. आवाज माझा होता."

"ठीक है. एक बजे की खबरों से पहले तीस सेकंड."

"सर, चूक दोन मिनिटं चाळीस सेकंद चालली होती. आणि बारा एकवीसला. एक वाजता ऐकणारे लोक वेगळे असतात. बारा एकवीसवाले तेव्हा जेवायला बसलेले असतात."

"आप मिनट गिन के लाई हैं."

"हो."

ते हसले नाहीत. त्यांनी रजिस्टरकडे बघितलं. त्यात आमने-सामने कधी होणार असं विचारणारे फोन अजून येत होते. "यह सुनने के बाद फोन बंद हो जाएँगे, मैडम. आप जानती हैं ना?"

"माहीत आहे."

"और फाइल पे आपका नाम जाएगा."

"जाऊ द्या."

त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "रिकॉर्ड करके चलाइए. लाइव नहीं." ते मलाही मान्यच होतं.

दोघांचं बोलणं मी रेकॉर्ड केलं. राठौरांना मास्टरांचं नाव घ्यायचं होतं. त्यांचा राग योग्यच होता. पण मास्टरांची एक मुलगी उज्जैनला असते, आणि मास्टर उत्तर द्यायला येणार नव्हते. मी म्हटलं, एकाचं नाव विचारल्याशिवाय घेतलं म्हणूनच हे सगळं झालं, आता दुसऱ्याचं नको. ते कुरकुरले, पण ऐकलं. ‘जिनके पास रखा था, वे अब नहीं रहे’ एवढंच बोलले.

कदमांचा हट्ट उलटा होता. मी लिहिलेल्या मसुद्यात ते पूर्ण निर्दोष होते. त्यांनी फोनवर तो ऐकला आणि म्हणाले, "हे अर्धंच झालं. मी विचारलं नाही, हेही सांगा."

"मधुकरराव, त्याची गरज नाही. लोक पुन्हा काही तरी बोलतील."

"बोलू देत. जे केलं नाही त्याच्यासाठी ऐकून घेतलं, जे केलं त्याच्यासाठीही ऐकेन."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी त्यांच्याच आवाजात ते वाक्य गेलं. "मुझे शक था, मैंने पूछा नहीं, क्योंकि मुझे वो गिटार चाहिए था." मी त्यातला एक शब्दही कापला नाही.

मंगळवारी बारा वाजून एकवीस मिनिटांनी खुलासा गेला. आधी मी काय चुकले ते सांगितलं, मग ते दोघं. इक्बालभाई काचेपलीकडे घड्याळ लावून उभे होते. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली. दहा सेकंद जास्तच.

त्या दिवशी सात फोन आले. एक जण म्हणाला, आज मज़ा नहीं आया, दोनों को लड़वाते तो बात बनती. एका बाईंनी फक्त धन्यवाद म्हणून फोन ठेवला. देवासच्या गुमटीवाल्याचाही फोन आला. "कदम साब से हम लोगों ने मज़ाक कर लिया था. आज बुला के चाय पिलाई है. बता देना रेडिओ पे." मी सांगितलं नाही, पण रजिस्टरमध्ये लिहिलं. धारच्या त्या पोस्टकार्ड पाठवणाऱ्या निवृत्त मास्तरांकडून काहीच आलं नाही. मी वाट पाहिली होती.

दोन महिन्यांनी वरून निर्णय आला. कार्यक्रम बंद झाला नाही, अर्ध्या तासाचा झाला. उरलेल्या अर्ध्या तासात गाणी. माझ्याकडून लेखी स्पष्टीकरण मागवलं गेलं, मी दिलं, आणि फाइलवर ‘भविष्य में सावधानी बरतें’ असा शेरा आला. काही सेकंद उशिरा प्रसारण करणारं यंत्र त्यानंतर लवकर दुरुस्त होऊन आलं, हा एक फायदा झाला. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले.

राठौरांनी भजन मंडळीसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. भजनात बेस गिटार म्हणून गल्लीत आधी कुजबुज झाली, आता सवय झाली आहे. कदम आणि ते काही जिवलग मित्र वगैरे झाले नाहीत. कधी तारा कुठे चांगल्या मिळतात, पावसाळ्यात पेटीत काय ठेवायचं, असलं विचारायला फोन होतो, असं ज्योती सांगते.

मला अजून मधूनमधून केंद्रावर नव्या लोकांना शिकवायला बोलावतात. ते विचारतात, खुलासा कधी आणि किती द्यायचा. मी सांगते, चूक जितका वेळ चालली तितका वेळ, आणि ज्या वेळी झाली त्याच वेळी. त्यानंतर फोन येतील अशी अपेक्षा ठेवायची नाही.